सहा घरे, एक आढे

चहा निवण्याआधी घ्या. ही हकिकत मी एकदाच सांगणार आहे. मध्ये कोणी हसले तर हरकत घेणार नाही. हसण्याचा अधिकार तुम्हाला आहे. मला नाही.

मी शिक्षक होतो. मावळातल्या शाळांतून सदतीस वर्षे शिकवले. प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात एक वाक्य कायम असे: आधी पाहा, मग बोला. ते पुसणाऱ्याला मी तासभर उभे केले आहे. आता विचाराल, हा नियम गुरुजींनी स्वतः पाळला का? त्याचीच तर ही हकिकत!

निवृत्त झालो आणि लोणावळ्यात राहायला आलो, त्याला अकरा वर्षे झाली. ही अकरा वर्षे लक्षात ठेवा. मी ठेवली नाहीत, म्हणून ही पाळी आली.

आमची सहा घरांची जुनी रांग आहे. भिंतीला भिंत, ओट्याला ओटा, आणि सहाही घरांवर मिळून एकच कौलारू छप्पर. पहिले घर आमचे, घाटाच्या बाजूचे. शेवटचे सोनाबाई मावशींचे. मावशी मूळच्या कुरवंड्याच्या. त्यांचे पती, ज्यांना सारी रांग आबा म्हणत असे, वारले. तेव्हापासून त्या एकट्या राहतात. मधल्या चार घरांपैकी एक बबनचे. बबन पर्यटकांना जीपमधून भाज्याच्या लेण्यांपर्यंत नेतो. रांगेतली बातमी तो त्याहून पुष्कळ लांब नेतो.

लोणावळ्याचा पावसाळा तुम्ही पाहिला असेल. सहलीला आला असाल, मक्याचे कणीस खाल्ले असेल आणि घरी गेला असाल. आम्ही घरी जात नाही. आम्ही घरीच असतो. चार महिने भिंती पाझरतात. डाळीला बुरशी येते. चप्पल हिरवी होते. कपडे वाळत नाहीत. मग काय करायचे? जमिनीवर विजेचा दिवा पेटवून ठेवायचा, त्यावर बांबूची पाटी उपडी घालायची आणि पाटीवर कपडे पसरायचे. शेजारी हीटर. शिवाय इस्त्री. कुठेतरी दगडी कोळसा जळतो, आभाळ काळवंडते, आणि कशासाठी? तर लोणावळ्यात बबनची बनियन वाळावी म्हणून!

मला हे सहन होत नसे. आम्ही बौद्ध. रोज पंचशील म्हणतो. न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील. पुढच्या पिढीच्या वाट्याची हवा आपण आज जाळतो. ती नातवंडांनी आपल्याला दिली होती का? हा प्रश्न मी रांगेतल्या प्रत्येकाला विचारला आहे. बबनला तीनदा.

"गुरुजी, माजं लगीनच जमंना," तो म्हणाला, "नातवंडं कुटनं आनू?"

अशा माणसाशी काय बोलणार?

तत्त्व राहू द्या. खरे कारण घरात होते. माझी पत्नी कमल हिला दमा आहे. त्या मागच्या पावसाळ्यात तिला आडवे होऊन झोपता आले नाही. उशीला टेकून, बसल्या बसल्या तिने चार महिने काढले. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण गुरुजी, औषधाने भिंत वाळत नाही." म्हणजे पुढच्या पावसाआधी घर कोरडे व्हायला हवे होते. दुसरा उपाय नव्हता.

मार्ग निघाला. जुनी घरे दुरुस्त करून त्यांची विजेची भूक कमी करणारी पुण्याची एक संस्था आहे. कौलांखाली भाताच्या पेंढ्याचे दाबून केलेले जाड तक्ते बसवायचे, फटी चुन्याने बुजवायच्या, ओल बाहेर जायला ठरल्या जागी झडपा ठेवायच्या. घर थंडीत ऊबदार, उन्हाळ्यात गार, पावसात कोरडे. संस्थेची सानिका नावाची तरुण अभियंता येऊन रांग पाहून गेली. तिने अट एकच घातली.

"सर, छप्पर एक आहे. त्यामुळे सहाही घरे, नाहीतर एकही नाही. रविवारपर्यंत सहा सह्या लागतील. त्यानंतर आमची माणसे दुसऱ्या गावाला जातात."

सोमवारपर्यंत पाच सह्या झाल्या. मावशी म्हणाल्या, "चष्मा दुरुस्तीला टाकलाय. शनवारी करते की. माजी कुटं ना हाय?"

मी निश्चिंत झालो. हकिकत येथेच संपायला हवी होती. पण सानिकाने जाताना मला काम देऊन ठेवले होते.

"सर, तोवर तुमच्या घरातल्या फटी शोधून ठेवाल? सोपे आहे. संध्याकाळी वारा सुटला की दारे-खिडक्या लावा, पंखे बंद करा आणि पेटलेली उदबत्ती भिंतीलगत हळूहळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. वाकला, खेचला गेला, तर तिथे फट. तिथे खूण करायची."

उदबत्त्या घरात होत्याच. रोज सायंकाळी साडेसहाला मी बुद्धमूर्तीपुढे वंदना करतो, तेव्हा चंदनाची एक उदबत्ती लावतो. सकाळची वंदना विहारात. खडूही होते. शिक्षकाच्या घरातले मीठ संपेल, खडू संपत नाही.

मंगळवारी वंदना झाली आणि मी कामाला लागलो. धूर नको म्हणून कमलला विहारात पाठवले. दारे लावली. खिडक्या लावल्या. मलाही धुराने ठसका लागतो, म्हणून नाकातोंडाला पांढरा रुमाल बांधला. एका हातात उदबत्ती, दुसऱ्यात खडू. भिंतीलगत एकेक पाऊल. धूर वळला की तोंडाने आकडा म्हणायचा आणि त्या जागी फुली मारायची. दारांच्या चौकटींवर फुल्या, खिडक्यांवर फुल्या. माळ्याच्या तक्त्यांखाली तर फुलीला फुली लागली. दोन तास गेले. सात उदबत्त्या गेल्या. सत्तेचाळीस फुल्या झाल्या.

आता हेच दृश्य बाहेर उभे राहून खिडकीच्या काचेतून पाहा.

बबनने पाहिले.

दार वाजले. मी रुमालासकट दार उघडले.

"गुरुजी," इतक्या हळू आवाजात बबन बोलू शकतो हे मला ठाऊक नव्हते, "कदीपासनं हाय ह्ये?"

"फार वर्षांपासून असणार," मी म्हणालो. "आज मोजायला घेतले, तेव्हा कळले. सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस!" बबन एक पायरी खाली उतरला. "येका घरात?"

"एका घरात. बहुतेक सगळा त्रास माळ्यावरून आहे. पण तू काळजी करू नकोस. कायमचा बंदोबस्त करणार आहे. आधी या घरात, मग ओळीने सगळ्या घरांत. शेवटच्या घरापर्यंत."

"मावशीच्या बी?"

"मावशींच्या घरात तर सर्वांत जास्त गरज आहे."

बबन उलट्या पावलांनी गेला. मला मनातून समाधान वाटले. या पोराला अखेर विषयात गोडी वाटू लागली!

कमल परत आली. तिने भिंतींवरून नजर फिरवली. "अहो, हे घर आहे की नापास मुलाचा पेपर?" एवढेच बोलली आणि पोळ्या करायला गेली.

बुधवारी सकाळी नळावरच्या बायकांनी मला वाट करून दिली. सगळ्यांनी. एकदम. मी म्हटले, संस्कार वाढत आहेत. बाजारात गेलो, तर एका चिक्कीवाल्याने दुकानातून खाली उतरून मला गाठले.

येथे माझा पूर्वेतिहास सांगायला हवा. दुकानांच्या दारांवर टांगलेली लिंबू-मिरची मी वर्षानुवर्षे काढायला लावत आलो आहे. भूत नसते, हे मी पाचवीपासून दहावीपर्यंत सर्वांना शिकवले आहे. ज्यांना शिकवले नाही, त्यांना रस्त्यात थांबवून सांगितले आहे. हा चिक्कीवाला त्यांपैकीच एक.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुम्ही आमची लिंबं काढायला लावत होता, तेव्हा राग यायचा. आता कळलं. तुमच्याकडे त्याहून जालीम आहे म्हणा ना!"

"काय जालीम?"

"राहू द्या. असं चारचौघांत सांगत नाहीत. सत्तेचाळीस बाटलीत भरलीत म्हणे!"

तेव्हा माझ्या ध्यानात आले. बाटली कोठून आली, हे मात्र आजतागायत कळलेले नाही.

सायंकाळी विहारातल्या एका वयस्क सभासदाने मला बाजूला घेतले. "गुरुजी, प्रकृती बरी आहे ना? झोप लागते ना?" म्हणजे ज्यांचा भुतावर विश्वास होता त्यांना वाटले, मी मांत्रिक झालो. ज्यांचा नव्हता त्यांना वाटले, मला वेड लागले. खरे कोणालाही वाटले नाही! मी प्रत्येकाला फटींचे शास्त्र समजावून सांगितले. प्रत्येकाने डोळा बारीक करून मान हलवली.

गुरुवारी भाज्याहून एक शेतकरी आला.

"गुरुजी, म्हस दूद देईना."

"जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा."

"दावली. आता तुमाला दावायचीय. येक डाव उदबत्ती फिरवा, बास."

मी त्याला ओट्यावर बसवले आणि अंधश्रद्धेवर अर्धा तास बोललो. त्याने मन लावून ऐकले. मध्ये दोनदा नमस्कार केला. उठताना खिडकीत पडलेले उदबत्तीचे थोटूक उचलून खिशात घातले आणि गेला. शुक्रवारी सकाळी त्याचा निरोप आला. म्हैस दूध देऊ लागली.

आता बोला!

त्याच दिवशी कमल मावशींच्या घरून आली आणि खाली बसली. "अहो, मावशी सही करत नाहीत. आणि तुमच्यावर भयंकर चिडल्यात."

रविवार दोन दिवसांवर होता. मी तसाच गेलो. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही, आणि मला बसा म्हटले नाही.

"गुरुजी, मी तुमाला द्येवमानूस समजत हुते. आन् तुमी माज्या मालकाला घराभाईर काडताय?"

"मावशी, आबांना जाऊन अकरा वर्षे झाली."

"व्हय. आन् अकरा वर्सं रोज सांजंला येत्यात."

मी काही बोलण्याआधी त्यांनी सगळे सांगून टाकले. साडेसहा वाजून गेले की घरात सुगंध येतो. घरात उदबत्ती नाही, अत्तर नाही. वरून, कौलांकडून उतरतो. पाव तास राहतो.

"मी भाकऱ्या थापते, आन् त्यांच्याशी बोलते. भाजी काय क्येली, गुडगा किती दुकला, मुलाचा फोन आला का न्हाई. मग जात्यात. मंगळवारी दोन तास हुते, गुरुजी! नुसते येरझाऱ्या घालत हुते. मला कळंना काय झालं. मग बबन आला, म्हनला, मावशी, गुरुजी आबांना हुसकावतायत. आन् वर तुमी छप्परच बुजवाया निगालाय! ह्यांनी यायचं कुटनं? न्हाई. सही न्हाई."

तुम्हाला कळले ना? कपाळावर हात मारून घेऊ नका, चहा सांडेल. तुम्हाला बसल्या जागी कळले. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला कळले नाही! सुगंध कसला, एवढा एकच प्रश्न विचारायला हवा होता. मी विचारला नाही. मी व्याख्यान दिले.

"मावशी, कारणाशिवाय कार्य होत नाही. सुगंध येतो, म्हणजे कोणीतरी उदबत्ती लावतो. मेलेला माणूस उदबत्ती लावत नाही. हे कोणा जिवंत माणसाचे काम आहे. तो एका एकट्या बाईला अकरा वर्षे फसवतो आहे. असल्या माणसाला क्षमा नाही. उद्या त्याला तुमच्यापुढे उभा करतो."

"आन् न्हाई उबा राहिला तर?"

"तर सही मागणार नाही."

मागे उभ्या असलेल्या कमलने श्वास घेतला, तो मला ऐकू आला. तिचा पावसाळा मी पैजेवर लावून बसलो होतो. पण बोललो होतो. आधी बोललो होतो.

माझा संशय बबनवर होता. पुरावा? त्याच्या जीपमध्ये स्टिअरिंगसमोर उदबत्तीचे घर आहे आणि रोज सायंकाळी गाडी लावताना तो केवड्याची उदबत्ती पेटवतो. दुसरे, त्याला थट्टेची खोड आहे. तिसरे, नातवंडांच्या प्रश्नाला त्याने वाकडे उत्तर दिले होते. माझ्या मते एवढे पुरेसे होते. मी त्याला चारचौघांत उभे केले.

"बबन, म्हाताऱ्या बाईशी असा खेळ करताना तुला लाज वाटली नाही?"

"मी? गुरुजी, आईच्यान सांगतो..."

"शपथ घेऊ नकोस. चौथे शील आठव. खोटे बोलू नये."

"मला पैलं बी म्हाईत न्हाई वो!"

"उद्या सगळे बाहेर येईल," मी म्हणालो. ते मात्र खरे ठरले.

शनिवारी सायंकाळी मावशींच्या घरात सारी रांग जमवली. सानिकाही कागद घेऊन आली होती. नियम मी आधीच घालून दिला होता: आज सायंकाळी या रांगेत कोणीही उदबत्ती लावणार नाही. घरोघर स्वतः जाऊन बजावले होते. बबनचा केवड्याचा पुडा जप्त करून माझ्या खिशात ठेवला होता.

साडेसहाला मी घरी वंदना केली. रोजच्याप्रमाणे. उदबत्ती लावून.

लावली कशी, असे विचाराल. मनाई होती ना? होती. उदबत्तीला होती. माझी ती उदबत्ती नव्हती; ती वंदना होती. माणूस आपल्या घरचा धूर धुरात धरत नाही, हे सत्य मला त्या दिवशी उमगले. पण ते दहा मिनिटांनंतर.

वंदना आटोपून मी मावशींच्या घरी गेलो. त्यांच्या घराला वर काही नाही. थेट कौले दिसतात. सगळे भिंतीला टेकून बसले होते. मी बबनला मधोमध बसवले.

"हात गुडघ्यांवर ठेव. सर्वांना दिसतील असे."

"नाक कुटं ठिवू?" बबन म्हणाला.

कोणीतरी फिसकन हसले. मी पाहिले. हसणे थांबले. घड्याळाचा काटा सरकत होता. मावशी पदर नीट करून, कोणी पाहुणा यायचा असावा तशा, उंबऱ्याकडे नव्हे, वर पाहत होत्या.

"आले," त्या म्हणाल्या.

आणि सुगंध आला. वरून. हळूहळू. साऱ्या खोलीभर.

"बगा!" बबनने दोन्ही हात वर केले. "माजे हात हितं! पाय हितं! पुडा तुमच्या खिशात!"

माझ्या अंगावर काटा आला. लपवत नाही. सदतीस वर्षे भूत नसते म्हणून शिकवलेल्या अंगावर, मानेपासून मनगटापर्यंत, आला. एवढ्यावर निभावले असते. पण माझे दोन्ही हात आपोआप वर गेले आणि जोडले गेले.

बबनच्या नजरेतून काही सुटते थोडेच!

"गुरुजी, हात कुनाला जोडले?"

आबांना म्हणावे, तर जन्म वाया. कोणालाच नाही म्हणावे, तर हात जोडलेले.

सानिका मात्र छपराकडे पाहत होती. स्टुलावर चढली, भिंतीवरून पलीकडे डोकावली, आणि वर्गात उत्तर सापडलेल्या मुलीसारखी बोलू लागली.

"सर, घरांमधल्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्याच नाहीत! वर माळा सलग आहे, पहिल्या घरापासून इथपर्यंत. मधल्या चार घरांनी वरून पक्की लाकडी तक्तपोशी केली आहे, त्यामुळे तिथे वास खाली उतरत नाही. इथे उघडे आहे, इथे उतरतो. आणि वारा घाटाकडून येतो आहे. म्हणजे वास निघतो तो पहिल्या..."

ती थांबली. शहाणी मुलगी. मग हळूच म्हणाली, "सर, आत्ता पहिल्या घरात कोणी उदबत्ती लावली आहे का?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी कमलकडे पाहिले. कमलने पदर तोंडाला लावला होता. दमा नव्हे.

"ह्यांनी लावलीये," ती म्हणाली. "चंदनाची. रोज साडेसहाला लावतात. इथं आलो तेव्हापासून. अकरा वर्षं."

मग बबन.

"म्हंजी मावशीचे आबा... तुमीच व्हय, गुरुजी?"

त्यापुढचा हशा भाज्यापर्यंत ऐकू गेला असेल. मी हसलो नाही. एका एकट्या बाईला अकरा वर्षे फसवणाऱ्याला तिच्यापुढे उभा करीन, असे मी वचन दिले होते. वचन पाळले गेले होते. उभा होतो.

मग एकेकाचे लक्ष मावशींकडे गेले, आणि हशा ओसरला. मावशी अजून वरच पाहत होत्या.

"चंदनाची व्हय?"

"हो, मावशी."

"तरीच." त्यांनी एकदा खोल वास घेतला. "आमच्या ह्यांनी जल्मात कदी उदबत्ती लावली न्हाई. जवळ आले की तंबाकूचा वास. मी आपली म्हनत हुते, मेल्यावर का हुईना, सुदारला गडी!"

आणि सर्वांआधी त्याच हसल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, तो बराच वेळ काढला नाही. आम्ही सारे आपापल्या पायांकडे पाहत राहिलो.

"कागद आना," त्या पदराआडूनच म्हणाल्या.

"मावशी, सक्ती नाही..."

"तुमी मानूस उबा करतो म्हनला हुता, क्येला. बगतेय की मी त्याला. आना कागद. कमलला धाप लागती, त्ये काय मला दिसत न्हाई?"

दुरुस्त होऊन आलेला चष्मा लावला आणि सही केली. पेन परत देताना मात्र हात अर्ध्यात थांबला.

"पन आता सांजंला बोलू कुनाशी?"

सानिकाने कागदाची घडी घातली. बबनने कौले मोजली. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नावर अर्ध्या तासाचे उत्तर तयार असते. मी खिशातला केवड्याचा पुडा चाचपत राहिलो.

"सर, हवे तर एवढी एक फट ठेवू," सानिका हळूच म्हणाली. "तुमच्या घरापासून इथपर्यंत."

"नको," मी म्हणालो. "एकही फट राहता कामा नये. मी येईन."

मग मी बबनकडे वळलो. चारचौघांत आरोप केला होता, चारचौघांत क्षमा मागितली.

"ऱ्हाऊ द्या वो, गुरुजी," तो म्हणाला. "पन माजा केवडा द्या."

पावसाआधी काम पुरे झाले. सहा घरांना सहा छते मिळाली, भिंती आढ्याला भिडल्या, सत्तेचाळीस फुल्या चुन्याखाली गेल्या. यंदा कमल आडवी होऊन झोपते. हीटरवर लोणच्याची बरणी आहे. बांबूच्या पाटीत कांदे आहेत. बबनची बनियन कोळसा न जाळता वाळते, आणि तो मला ती दारात धरून दाखवतो.

आणि मी? रोज वंदना संपली की चंदनाची दुसरी उदबत्ती पेटवतो. एका हातात ती, दुसऱ्यात छत्री. ती विझू नये म्हणून वाकून, ओठांत गाथा म्हणत, ओट्याओट्याने मधली चार घरे ओलांडतो. बबन आपल्या दारातून ओरडतो, "मावशी, दार उगडा! आबा आले!" रस्त्यावरचे लोक थांबून पाहतात. त्यांचे काय मत झाले असेल, ते विचारू नका. भाज्याहून आता आणखी दोन म्हशींचे निरोप आले आहेत.

मावशींच्या घरी मी पाव तास बसतो. त्या भाकऱ्या थापतात आणि बोलतात. भाजी, गुडघा, मुलाचा फोन. पहिल्याच दिवशी मी गुडघ्यासाठी एक व्यायाम सुचवला. त्यांनी हात थांबवला.

"गुरुजी, ते मदी बोलत न्हवते."

तेव्हापासून मी मध्ये बोलत नाही. सदतीस वर्षांत जे कोणाला जमले नाही, ते मावशींना एका वाक्यात जमले.

परवा पाऊस फार होता. उदबत्ती दोनदा विझली, दोनदा मागे फिरून पेटवून आणली. पोचायला पाच मिनिटे उशीर झाला. मावशी दारातच उभ्या होत्या. मी कारण सांगू लागलो. गृहपाठ न केलेल्या मुलाकडे मी जसा पाहत असे, तशा त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"अकरा वर्सांत त्यांना येक दिस उशीर झाला न्हाई, गुरुजी," त्या म्हणाल्या. "शिका कायतरी त्यांच्याकडनं!"